चंदनसारचा मुलगा, पाचूबंदरची मुलगी

माझ्या क्लासमधून आजवर जे दोन सगळ्यांत हुशार विद्यार्थी निघाले, ते दोघंही कधी जन्माला आले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो. मध्येच कुठेतरी सांगायची वेळ आली तर पुन्हा घसा खाकरून सुरुवात करावी लागेल, आणि आता तेवढा दम उरलेला नाही.

मी दहावीचं गणित शिकवतो. सकाळची बॅच वसईत, गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर. संध्याकाळची चंदनसारला, विरार पूर्वेला, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. मधला प्रवास स्कूटरवरून. रस्त्यातल्या खड्ड्यांची आणि माझी इतक्या वर्षांची ओळख आहे की एखादा बुजवला तर दोन दिवस मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. चंदनसारच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण तिच्यात शिरलेला माणूस वर पोचेपर्यंत त्याची पोरं कॉलेजात जातात, म्हणून मी जिना चढतो. वर पोचलो की पहिली पाच मिनिटं फळ्याकडे तोंड करून काहीतरी आठवत असल्यासारखा उभा राहतो. मुलांना वाटतं सर विचार करतायत. सर श्वास घेत असतात.

गणित शिकवण्याचा थकवा मी कधी मानला नाही. तो घशापुरता असतो, मिठाच्या गुळण्या केल्या की जातो. हाडांत जाऊन बसतो तो दुसरा थकवा: मुलांना अभ्यास करावासा वाटायला लावण्याचा. त्यासाठी मी काय काय केलं नाही. भिंतीवर सुविचार लावले. आठवड्याभरात प्रत्येक सुविचाराला मिशा फुटल्या. चॉकलेटं वाटली, त्या वर्षी आमच्या भागातल्या दातांच्या डॉक्टरनं दुसरा दवाखाना काढला. एकदा एका व्याख्यात्याला बोलावलं. दोन तास हात फेकत तो मुलांना सांगत होता की तुमच्या प्रत्येकाच्या आत एक सिंह झोपलाय. पुढचे पंधरा दिवस पायथागोरसचं प्रमेय विचारलं की मागच्या बाकावरून डरकाळी यायची.

शेवटी अनुभवानं कळलं की या रोगावर एकच औषध लागू पडतं, ते म्हणजे दुसऱ्याचं पोर.

पण खरं पोर वापरायचं नाही. ती चूक मी सुरुवातीला केली. आमच्याच आळीतल्या एका मुलाचं मी ओटीवर सगळ्यांसमोर कौतुक केलं, त्याच्यासारखे व्हा म्हणालो. त्याच्या आईची आणि शेजारच्या मुलाच्या आईची, दोघी सख्ख्या जावा, रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारातच जुंपली. पुढे चार वर्षं त्या एकाच विहिरीवर वेगवेगळ्या वेळी पाणी भरत होत्या. त्या मुलाला बाकीच्यांनी क्रिकेटमध्ये घेणं सोडलं आणि अभ्यासाशिवाय काही उरलं नाही म्हणून तो आणखी हुशार झाला. म्हणजे भांडण आणखी वाढलं.

तेव्हा ठरवलं: पोर असं पाहिजे की जे कुणाला भेटणार नाही, ज्याची आई कुणाच्या ओळखीची नाही, ज्याच्या वहीत कुणी डोकावू शकत नाही. असं पोर फक्त माझ्या डोक्यात मिळण्यासारखं होतं. मी दोन केली.

वसईच्या ओटीवर सांगायला चंदनसारचा मुलगा. सातव्या मजल्यावर राहणारा, लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही. रोज खालून हंडे भरून नेतो आणि पायरीला एक गणित तोंडी सोडवतो. वर पोचेपर्यंत एक सरावसंच पूर्ण. उतरताना उत्तरं तपासतो.

चंदनसारच्या मुलांना सांगायला पाचूबंदरची, वसईच्या किल्ल्यापलीकडच्या कोळीवाड्यातली मुलगी. मासे वाळत घालता घालता अभ्यास करणारी. वही परवडत नाही म्हणून ओहोटीला ओल्या वाळूवर वर्गसमीकरण मांडते आणि भरतीचं पाणी यायच्या आत सोडवते. एकदा पाणी लवकर आलं तर गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं शेवटची पायरी हवेत लिहिली.

चंदनसारच्या पोरांनी पाचूबंदर पाहिलेलं नव्हतं; शाळेच्या सहलीत किल्ल्यापर्यंत जाऊन ती परत फिरलेली. वसईच्या पोरांना चंदनसार म्हणजे रेल्वेच्या पलीकडचं कुठलंतरी जंगल, जिथं आता इमारती उगवतात. मधे पंधरा किलोमीटर, पण माझ्या दृष्टीनं समुद्र होता. दर वर्षी दोघांच्या पराक्रमात मी थोडी भर घालायचो. दोघंही कायम दहावीतच राहिली, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बॅच दर वर्षी नवी असायची. त्यांचा फोटो दाखवा म्हटलं की मी म्हणायचो, त्यांना फोटो काढायला वेळ कुठला. नाव विचारलं की म्हणायचो, नाव सांगू नका असं त्यांनीच सांगितलंय, एवढी नम्र आहेत.

औषध लागू पडत होतं. घरोघर ही दोन पोरं पोचली. जेवताना, झोपताना, मोबाइल हातातून काढून घेताना आया त्यांचे दाखले देत. मुलं त्यांच्यावर दात खात, आणि दात खात खात गणितं सोडवत. नाताळाच्या आधी मी पापनिवेदनाला जायचो तेव्हा फादरांपुढे सगळं सांगायचो, अगदी शेजाऱ्याची पपई तोडल्याचंही. ही दोन पोरं मात्र कधी सांगितली नाहीत. मुलांच्या भल्यासाठी केलेल्या गोष्टीला पाप कोण म्हणेल, असं तेव्हा वाटायचं.

आता खऱ्या पाचूबंदरची खरी मुलगी.

ती नववीत असतानाच माझ्या वसईच्या दहावीच्या बॅचला येऊन बसायची. वडील बोटीवर, आई बाजारात मासळी विकायची. मुलगी शांत, अक्षर मोत्यासारखं, गणितात कायम पास-नापासच्या कुंपणावर. सकाळी सातला यायची, तिसऱ्या रांगेत बसायची आणि चंदनसारच्या मुलाच्या गोष्टी इतरांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकायची. मला वाटायचं, लागलं औषध. वडिलांची पाठ गेली, बोट सुटली, विरारला टेम्पो चालवायचं काम मिळालं. त्या मे महिन्यात बिऱ्हाड चंदनसारला हललं. शाळा वसईचीच ठेवली, बसनं जायची यायची. क्लास तेवढा बदलायचा होता.

तिची आई मला भेटायला आली ती हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं घेऊन.

"मास्तर, पोरीला तिकडच्या बॅचला बसवा," ती म्हणाली. "नि त्या पोराच्या बाजूला बसवा. तो जिन्यावरचा. हे बोंबील त्याच्या आयेला द्या. सांगा, माझ्या पोरीला जरा शिकव म्हनावं."

मग तिनं सांगितलं की गेलं वर्षभर त्यांच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत एक मागणं रोज असतं: माझ्या लेकीला त्या चंदनसारच्या पोरासारखी अक्कल दे. आणि आता देवानं घरच चंदनसारला नेलं होतं.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी तेच तोंड वापरून "पोचवतो" म्हणालो आणि पुडकं घेतलं. बोंबील उत्तम होते. माझ्या बायकोनं विचारलं, कुणी दिले? मी म्हणालो, एका विद्यार्थ्यासाठी आलेत, त्याला चालत नाहीत. जन्मात एवढं खरं वाक्य मी क्वचितच बोललो असेन.

चंदनसारच्या बॅचचा पहिला दिवस. नेमकी स्कूटर पंक्चर. मी अर्धा तास उशिरा पोचलो आणि फळ्याकडे तोंड करून श्वास घेत असतानाच जाणवलं की वर्गात फारच शांतता आहे. वळून पाहिलं. ती पहिल्या बाकावर, पंख्याच्या बरोबर खाली बसलेली. ती जागा मिळवायला आमच्याकडे एकमेकांची दप्तरं खाली फेकली जातात. बाकीची एकवीस पोरं तिच्याकडे अशी बघत होती की जणू ती पाण्यावरून चालत आलीय.

घडलं होतं ते सरळ होतं. मी नसताना कुणीतरी तिला विचारलं, कुठून आलीस? ती म्हणाली, पाचूबंदरहून. मग एक मुलगा म्हणे आपणहून उठला आणि त्यानं तिला जागा दिली. तिला वाटलं, विरारकडची पोरं पाहुण्यांशी असंच वागत असतील.

क्लास सुटल्यावर ती जिन्यात थांबली होती.

"सर, तो कुठे बसतो?"

"कोण?"

"हंडे नेणारा."

मी म्हणालो की त्याच्या वडिलांची बदली झाली, नाशिकला गेले. कधी, तिनं विचारलं. गेल्याच आठवड्यात, मी म्हणालो. तिनं मान हलवली. एकदा बघायचं होतं, एवढंच म्हणाली, आणि खाली उतरली. ती प्रत्येक पायरी मोजत उतरतेय असा मला भास झाला, पण मला असले भास फार होतात.

आठवड्याभरात तिला दोन्ही गोष्टी कळल्या. बॅचमधल्या कुणालाच असा मुलगा माहीत नव्हता. आणि बॅचमधल्या सगळ्यांना वाळूवर गणित सोडवणारी मुलगी माहीत होती, ती म्हणजे ती स्वतः. ती माझ्याकडे आली नाही, भांडली नाही. तिनं फक्त ती जागा सोडली नाही. पुढे तिनंच मला सांगितलं की वसईत वर्षभर ती कुणाच्यातरी मागे पळत होती. इथे पहिल्यांदाच सगळे तिच्या मागे होते, आणि ते दोन दिवस तरी अनुभवावं असं तिला वाटलं. दोन दिवसांचे सात महिने झाले.

मुलं तिला अडलेली गणितं विचारू लागली. ती वही घ्यायची आणि म्हणायची, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेतून परतताना बसमधून, ते गणित फोटो होऊन माझ्या मोबाइलवर यायचं. खाली काही लिहिलेलं नसायचं. मी जेवण अर्धवट टाकून ते सोडवून पाठवायचो. संध्याकाळी ती ते माझ्याच शब्दांत, माझ्याच खाकरण्यासकट फळ्यावर समजावून सांगायची. आमच्यात याविषयी तेव्हा एक अक्षर बोललं गेलं नाही. चोरांमध्येसुद्धा एवढी एकजूट नसते.

आणि लाज वाटली तरी सांगतो, बॅच सुधारली. तिच्याशी बरोबरी करायला पोरं पहाटे उठायला लागली. एका मुलीच्या वडिलांनी घरात वाळूचा ट्रे आणून ठेवला. मी चौथ्या मजल्यावर श्वास घेताना स्वतःवर खूश असायचो. फक्त ती मुलगी दर महिन्याला थोडी बारीक होत होती. सणाचे दिवस, सुट्टीचे दिवस, कधीही बघावं तर डोळ्यांखाली काळं. ऐकलेलं गणित बोलून दाखवणं आणि आलेलं गणित सोडवणं यात किती दरी असते ते मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो. पण मी थकलो होतो, आणि थकलेल्या माणसाला जे चाललंय ते चालू द्यावंसं वाटतं.

जानेवारीत मी बोर्डासारखी सराव परीक्षा घ्यायचो. पेपर वाटायची माझी एक पद्धत होती. सगळ्यांत जास्त गुण असलेला पेपर वर, मग त्याखालचा, मग त्याखालचा. एकेकाला पुढे बोलवायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा, पेपर हातात द्यायचा. शेवटच्या पाच-सहांना आपली पाळी येईपर्यंत पंधरा-वीस वेळा दुसऱ्याचा आकडा ऐकावा लागायचा. पोरं या दिवसाला घाबरायची आणि पालकांना तो फार आवडायचा.

बीजगणिताचे पेपर मी शनिवारी तपासले. चाळीसपैकी तिला अकरा. परीक्षेत मोबाइल नव्हता.

मी तो पेपर टेबलावर ठेवून बसलो. लाल पेन हातात. अकराचा एकतीस करायला फारसं काही लागत नाही, पहिल्या एकाला पोट आणि शेपूट काढलं की झालं. ताप होता म्हणून थोडे कमी पडले, असं बॅचला सांगता आलं असतं. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

रविवारी मिस्सानंतर ती आमच्या घरी आली. ओटीच्या काठावर बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. मी उगाच हवापाण्याचं विचारलं.

"मी उद्यापासून क्लासला येणार नाही," ती म्हणाली. "बोर्डाला पण बसणार नाही."

"असं का गं?"

"नापास होणार मी. पाचूबंदरची मुलगी नापास कशी होईल, सर?"

फी भरून झालेली, फॉर्म भरलेला, हॉल तिकीट यायचं तेवढं बाकी. मी तिला शंभर कारणं सांगितली असतील. ती सगळी ऐकून घेत होती, जशी पूर्वी गोष्टी ऐकायची तशी. मग तिनं विचारलं की तो मुलगा नाशिकला गेलाच नव्हता ना. मी नाही म्हणालो. तो नव्हताच ना, तिनं विचारलं. मी म्हणालो, नव्हताच.

अंगणातल्या केळीकडे बघत तिनं सांगितलं, तिची आई अजून त्याच्यासाठी प्रार्थना करते. आता मागणं बदललं होतं, नाशिकला त्याचं बरं चालू दे असं.

मी आत गेलो, तिचा पेपर घेऊन आलो. काय करता येईल ते तिला समजावलं. एक पोट, एक शेपूट. अजून दोन महिने आहेत, तेवढ्यात मी तुझी तयारी करून घेईन, कुणाला काही कळणार नाही. तिनं पेपर उलटून पालटून पाहिला. एकेका प्रश्नावर बोट ठेवत गेली. जिथे बरोबरची खूण होती तिथे जरा जास्त थांबली.

"हे अकरा कुणी पाठवलेले नाहीत," ती म्हणाली.

तिनं पेपर माझ्याकडे सरकवला.

"तसेच राहू देत. पण उद्या बॅचला तुम्ही सांगायचं. दोघंही खोटी होती म्हणून. तुम्ही सांगितलं तर मी बसेन बोर्डाला."

तिनं ते धमकी देतेय अशा आवाजात म्हटलं नाही. तीही माझ्याइतकीच दमलेली होती, तिचं वय पंधरा असलं तरी.

सोमवारी मी चंदनसारच्या चार जिन्यांवर चार वेळा थांबलो. वर ती होती, पहिल्या बाकावर. मी पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, नेहमीप्रमाणे वरून खाली लावलेला. आणि वाटायच्या आधी सांगितलं. पाचूबंदरची वाळूवर गणित सोडवणारी मुलगी मी रचली. तिकडे वसईत सांगायला एक चंदनसारचा मुलगाही रचला. समोर बसलीय ती वेगळी मुलगी आहे, तुमच्यासारखीच. गणितं ती सोडवत नव्हती, मी सोडवून पाठवत होतो.

मागून कुणीतरी फसकन हसलं. मग सगळी बॅच.

"सर, आज भारी फेकताय," एक मुलगा म्हणाला. "ती समोर बसलीय, आणि तुम्ही म्हणताय नाहीच."

मी म्हणालो, देवाशपथ. हशा आणखी वाढला, कारण गुडघाभर पाण्यात हवेत लिहिलेली पायरी मी देवाशपथच सांगितली होती. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. वाळूचा ट्रे असलेली मुलगी शेजारणीला म्हणाली की सर आपल्याला चिडवून अभ्यासाला लावतायत, नवीन आयडिया आहे. इतकी वर्षं मी या पोरांपुढे हत्ती उडवले आणि त्यांनी मान हलवली. आज पहिल्यांदा दगड दाखवला तर कुणी घ्यायला तयार नव्हतं. मला खुर्चीत बसावंसं वाटलं. मी बसलो.

तेव्हा ती उठली. टेबलापाशी आली, गठ्ठ्याच्या तळाकडून आपला पेपर शोधून काढला आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलाच्या हातात दिला. त्यानं आकडा वाचला आणि मागे दिला. पेपर एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरत गेला. जिथे जिथे पोचला तिथलं हसणं थांबत गेलं.

ट्रेवाली मुलगी आधी बोलली. तिचे डोळे भरले होते, रागानं. "माझे बाबा रोज जेवताना तुझं सांगतात. ती मासे वाळवते तरी एवढी हुशार, तुला सगळं आयतं मिळतं तरी ही अवस्था."

"मी कधी मासे वाळवले नाहीत," ती म्हणाली. "मला वास सहन होत नाही. बोंबील वाळत असले की मी मावशीकडे जाऊन बसते."

कुणीतरी हसलं. मग ट्रेवालीही, नको असताना.

एका मुलानं विचारलं, मग एवढी सगळी उत्तरं? तिनं माझ्याकडे बोट केलं. बावीसच्या बावीस पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी आयुष्यभर पोरांना दुसऱ्याच्या नजरेत उभं केलं. त्या नजरेचं वजन किती असतं ते त्या पाच मिनिटांत कळलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि माझ्याकडे सांगायला एकही गोष्ट नव्हती.

उरलेले पेपर मी गठ्ठा विस्कटून वाटले. जो हाताला लागेल तो, आकडा न वाचता. हेही काहींना रुचलं नाही. सर, पहिला कोण, असं दोघांनी विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. माहीत होतं.

मग तिनं तिचा पेपर परत घेतला आणि फळ्यापाशी उभी राहून पहिल्याच चुकलेल्या गणितावर बोट ठेवलं. म्हणाली, हे पलीकडे नेलं की चिन्ह का बदलतं ते मला कधीच कळलेलं नाही. नववीपासून. मी नुसतं बदलते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दुसऱ्या बाकावरचा मुलगा म्हणाला, त्यालाही नाही कळलेलं. मग खिडकीजवळच्या दोघी. मग चाळीसपैकी छत्तीस मिळालेला एक, ज्याला मी मनातल्या मनात बोर्डाच्या यादीत बसवून ठेवला होता, तोही म्हणाला की बदलायचं असतं एवढंच माहीत आहे. त्या संध्याकाळी आम्ही दहावीचं गणित बंद केलं आणि तराजूपासून सुरुवात केली, दोन्ही पारड्यांतून सारखं काढायचं, सारखं टाकायचं. दोन तास गेले. माझी पाठ मोडली. असं शिकवायला गोष्टी सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त बळ लागतं, म्हणून तर मी इतकी वर्षं गोष्टी सांगत होतो.

पालकांना कळायचं ते कळलं. तिघांनी पोरं काढून घेतली. एक वडील दारात उभे राहून म्हणाले की तुम्ही आमच्या मुलाला खोट्या माणसाशी पळायला लावलं. मी मान खाली घालून ऐकलं. मग जाता जाता त्यांनी विचारलं की दुसऱ्या क्लासमध्ये खरा टॉपर कोण आहे, तुमच्या माहितीत.

तिच्या आईलाही मीच जाऊन सांगितलं. चंदनसारच्या त्यांच्या एका खोलीत मी चहा घेतला आणि सगळं कबूल केलं, नाशिकसकट. बोंबील मी खाल्ले हेही. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमाला म्हाइत नाय, मास्तर," ती म्हणाली. "तुमी बनवला आसंल. पन असंलच तो कुठंतरी. चंदनसार केवडं मोटं हाय."

मी वाद घातला नाही. मुलगी भिंतीला टेकून गणित करत होती. तिनं वर पाहिलं, माझ्याकडे बघून एक भुवई उचलली, आणि पुन्हा खाली बघितलं.

मार्चमध्ये ती परीक्षेला बसली. बीजगणिताच्या दिवशी मी केंद्राबाहेर जायचं टाळलं. पूर्वी मी दर वर्षी फाटकापाशी उभा राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, किती सुटले, त्याला किती सुटले. त्या दिवशी घरी पडून राहिलो, पंख्याकडे बघत. दुपारी तिच्याकडून एक फोटो आला. प्रश्नपत्रिकेचा, पाच प्रश्नांना पेन्सिलनं गोल केलेले. खाली पहिल्यांदाच काहीतरी लिहिलेलं होतं: हे आले.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"सर, पास."

किती, हा शब्द माझ्या जिभेवर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांची सवय, निकाल म्हटलं की तोंडातून दुसरं काही निघतच नाही. मी तो गिळला. ती दोन क्षण थांबली. मी विचारीन म्हणून थांबली असेल, किंवा रस्ता ओलांडत असेल. मग म्हणाली की अकरावीचा फॉर्म भरायला रांगेत उभं राहायचंय, आई पुढे गेलीय, ठेवते.

तिनं ठेवला. मी फोन हातात धरून बसून राहिलो. तिला किती मिळाले ते मला आजही माहीत नाही.